अठ्ठावीसची कंबर

माझी पहिली जीन्स मला दोन साइज मोठी होती. बी.कॉम.चा निकाल लागला त्या आठवड्यात आई मला तालुक्याच्या बाजारात घेऊन गेली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. मुंबईकडे नोकरी शोधायची तर एक तरी जीन्स हवी, असं मैत्रिणींनी सांगितलं होतं. दुकानदाराने माझ्याकडे बघून अठ्ठावीस काढली. आईने बत्तीस मागितली. "अंगाला येईल," ती म्हणाली.

मी एकवीस वर्षांची होते. अंगाला यायचं ते येऊन गेलं होतं. पण आमच्याकडे कपडा असाच घेतात. शाळेचा गणवेश, चपला, भावाचा शर्ट, सगळं पुढच्या मापाचं. कपडा आधी मोठा असायचा, मग कधीतरी मापाचा व्हायचा, आणि तोपर्यंत विटलेला असायचा. मी बेल्ट आवळून, कमरेला चुण्या पाडून ती जीन्स घातली आणि भाईंदरला मामाकडे आले.

त्याच जीन्समध्ये मी जिथे नोकरी मागायला गेले, तिथल्या कटिंग मास्तरांची खुर्ची पुढे माझ्यामुळे गेली. हे इथे लिहून ठेवतेय, कारण त्या जागेच्या रजिस्टरमध्ये जे लिहिलं आहे ते खोटं आहे, आणि अक्षर माझं आहे.

भाईंदर पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. बायकांच्या महागातल्या जीन्स तिथे बनायच्या. मालकीणबाई बेव्हर्ली पार्कला राहायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांचं स्वतःचं लेबल होतं आणि मीरा रोडच्या एका मॉलमध्ये छोटं दुकान. मी चलनं लिहिण्याच्या कामासाठी गेले होते. मॅडमनी माझी मार्कलिस्ट बघितली. त्यांच्या मागे कटिंगच्या टेबलाशी उभे असलेले मास्तर माझ्या कमरेच्या चुण्या बघत होते.

"ही कुणी घेऊन दिली, बाय?"

"आईने."

"आईला सांग, जीन्स अंगाला येत नाही. उलट अंगावरून जाते. आज आहे त्यापेक्षा महिन्याने आणखी ढिली होईल. तू वाढायची वाट बघशील आणि ती रस्त्यात घसरेल."

मॅडम हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी चेकिंगला बसणाऱ्या मावशींना हाक मारली आणि माझं माप घ्यायला सांगितलं. बायकांच्या अंगाला ते स्वतः टेप लावत नसत. मावशी उत्तनच्या, कोळीवाड्यातल्या. त्या टेप लावून मोठ्याने आकडे सांगत गेल्या. कंबर अठ्ठावीस. सीट, म्हणजे बैठकीचा घेर, सव्वासदतीस. मांडी साडेएकवीस. मास्तर भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, आपला चार्ट पायांनी चालत आलाय."

असं मला काम मिळालं. अर्धा दिवस चलनं, आणि नवीन नमुना तयार झाला की तो घालून उभं राहायचं. अठ्ठावीस हे आमचं मूळ माप. आधी अठ्ठावीसची जीन्स माझ्या अंगावर नीट बसवायची, मग तिच्यावरून बाकीची मापं काढायची, खाली सव्वीस आणि वर तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीसपर्यंत. म्हणजे मीरा रोडच्या दुकानात जी कुणी बाई जीन्स घालून बघणार, तिच्या कमरेचा हिशोब माझ्या कमरेवरून निघायचा. गावी हे सांगितलं तर आईला कळेना. "नुसतं उभं राहायचे पैसे देतात?" ती विचारायची.

नुसतं उभं राहायचं नव्हतंच. मास्तर म्हणायचे, जीन्स उभ्याने घ्यायची वस्तू नाही, बसून घ्यायची. आरशासमोर सगळ्याच चांगल्या दिसतात. नमुना घातला की ते मला आधी खुर्चीवर बसवत, मग जमिनीवर मांडी घालून, मग उकिडवं. आपली बाई जीन्स घालून ऑफिसलाही जाते आणि सत्यनारायणाच्या प्रसादालाही बसते, हे त्यांचं म्हणणं. मांडी घातल्यावर पाठीमागे बेल्ट, म्हणजे जीन्सचीच कमरपट्टी, कमरेपासून सुटला तर जीन्स सीटला बरोबर, पण कमरेला मोठी. पुढून बटण पोटात रुतलं तर राइज, म्हणजे बेंबीपासून खाली बैठकीपर्यंतची उंची, कमी पडतेय. गुडघ्यामागे कपडा गोळा झाला तर साइज बरोबर आहे, लांबी चुकली आहे. उभ्याने बेल्टमध्ये दोन बोटं जायला हवीत. तीन गेली तर एक साइज खाली, एकच गेलं तर थांबा, दीर्घ श्वास घ्या, परत बघा.

"आणि नवीन जीन्स थोडी घट्टच घ्यायची," ते सांगायचे. "स्ट्रेचचा कपडा दोन दिवसांत अंगाची ओळख करून घेतो. पण घट्ट म्हणजे घट्ट. श्वास कोंडतो ती घट्ट नव्हे, ती चुकलेली."

त्यांनी मला शिकवलं तसं कॉलेजात कुणी शिकवलं नाही. अकाउंट्सच्या सरांना माझं नाव तीन वर्षांत आठवलं नव्हतं. मास्तर चहा पिताना पुठ्ठ्याचा पॅटर्न माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "हा कुणाचा मागचा भाग? बारीक कमरेच्या, रुंद सीटच्या बाईचा की सरळ अंगाच्या?" मी चुकले की म्हणायचे, "पदवी परत करून ये." बरोबर आलं की काही बोलायचे नाहीत, स्वतःच्या बशीतला अर्धा चहा माझ्या कपात ओतायचे. चौथ्या वर्षी मला तक्ता तोंडपाठ होता. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने मला, पदवीधर मुलीला, नोकरीचं खरं शिक्षण दिलं, आणि मी त्यांच्या उपकारात होते. हे लिहायला सोपं आहे. त्याचं पुढे मी काय केलं ते लिहायला जड जातंय.

गाळ्यात एक नियम होता. दर सोमवारी मावशी माझं माप घ्यायच्या आणि मी ते रजिस्टरमध्ये लिहायचे. नमुना बसवायचा असेल त्या दिवशी परत माप. आणि नमुन्याच्या आठवड्यात उपास नाही. संकष्टी, सोमवार, एकादशी, काही नाही. हे मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "देवाला सांग, पुढच्या आठवड्यात दुप्पट करते. देव ऐकतो. कपडा नाही ऐकत."

त्या वर्षी दिवाळीसाठी मॅडमना नवीन जीन्स काढायची होती, उंच कमरेची, सरळ पायाची. त्याच सुमारास त्या एकदा म्हणाल्या की दिवाळीनंतर सॅम्पलला, म्हणजे नमुन्यांच्या कामाला, एक कायमचं माणूस घेणार, चार्ट आणि कॉम्प्युटर दोन्ही बघणारं. त्यांच्या ओळखीत फॅशनचा कोर्स केलेली एक मुलगी होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी आईला फोन केला तेव्हा रडू आलं. मामाकडच्या एका खोलीत मी चार वर्षं झाली राहत होते, मामी बोलत नव्हती पण भांडी जोरात ठेवायची.

"नवरात्र येतंय," आई म्हणाली. "नऊ दिवस कडक धर. दूध आणि एक फळ. देवीला सांग, मला तिथे कायम कर. मी येऊन ओटी भरेन."

"आई, नमुना आहे त्याच दिवसांत."

"मग कुणाला बोलू नको. नवस असा बोलून दाखवायचा नसतोच. बोललीस की गेला."

मी तिला सांगायला हवं होतं की नियम आहे. सांगितलं नाही. मला वाटलं, माझी कंबर चार वर्षांत पाव इंचापलीकडे हललेली नाही, नऊ दिवसांनी काय होणार? आणि खरं सांगायचं तर मला ती जागा हवी होती, फार हवी होती. घटस्थापनेला मी धरलं.

त्याच दिवशी मावशींची सून बाळंत झाली आणि मावशी रजेवर गेल्या. जाताना टेप माझ्या गळ्यात अडकवून गेल्या. "मी न्हाय तवर तूच घे माप. तुझं हाय तेवढंच हाय, काय बदलतंय."

गाळ्यातल्या बायका रोज त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नाहीतर ड्रेस घालून यायच्या, फोटो काढायच्या. मीही रंग पाळला. जेवायच्या सुट्टीत मामीने बोलावलंय सांगून खाली जायचे आणि वसाहतीच्या फाटकाशी एक केळं खाऊन परत यायचे. चौथ्या दिवसापासून जिना चढताना पाय कापायचे. सोमवार आला. रजिस्टर उघडलं. आदल्या सोमवारचे आकडे समोर होते. अठ्ठावीस, सव्वासदतीस, साडेएकवीस. टेप माझ्या गळ्यातच होता. मी तो लावला नाही. बघितलं असतं तर जे दिसलं असतं ते लिहावं लागलं असतं. मी वरचेच आकडे खाली उतरवले.

अष्टमीला नमुना आला. गाळ्यात जांभळ्या साड्यांची गर्दी होती, मशिनं चालू होती. मी आत जाऊन जीन्स घातली आणि बाहेर आले. मॅडम माझ्यामागे आल्या आणि त्यांनी बेल्ट पाठीमागून धरला.

"मास्तर, ये देखो ना. पीछे पूरा हाथ जा रहा है."

मास्तर जवळ आले नाहीत, बाजूने बघत राहिले. "बाय, मांडी घाल."

मी मांडी घातली. बेल्ट पाठीमागे उघडा पडला.

"इतना गॅप मेरे को नहीं चलेगा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मुठीत कपडा धरला आणि टाचणी लावली. "इतना निकालो. सव्वा इंच आहे बघा."

"मॅडम, पॅटर्न मी नीट काढलाय. सव्वा इंच माझा चुकत नाही," मास्तर म्हणाले. "दोन दिवस थांबू. मावशी आल्या की परत माप घेऊ."

"मावशी दिवाळीनंतर येणार. मला दिवाळीला दुकानात माल पाहिजे. रजिस्टरमध्ये माप आहे ना?"

मास्तरांनी रजिस्टर उघडलं. मी सकाळीच आजची ओळ लिहून ठेवली होती.

"बाय, हे आजचं?"

"हो."

"जेवलीस?"

"हो, मास्तर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली जीन्सच्या टाचणीकडे पाहिलं. एवढंच झालं. मग ते टेबलाशी गेले आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. योकमधून, म्हणजे मागे कमरपट्टीखालच्या आडव्या तुकड्यातून, अर्धा, मागच्या मधल्या शिवणीतून पाऊण. त्या रेघेवरून त्यांनी सगळी मापं काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कटिंग सुरू झालं. मी दसऱ्याला मामीच्या हातची पुरणपोळी खाल्ली, चार दिवस पोटभर जेवले. मग एका सकाळी दार लावून स्वतःला टेप लावला. अठ्ठावीस. माझं अंग पुन्हा खरं झालं होतं. जीन्सचे गठ्ठे तोवर वरसाव्याच्या पुढे धुलाईला गेले होते.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी गर्दी म्हणून मॅडमनी मला दुकानावर उभं केलं. पहिल्याच तासात एक बाई मुलीला घेऊन आल्या, पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या वाटत होत्या. त्यांनी बत्तीस मागितली.

ट्रायल रूममधून मुलीचा आवाज आला. "मम्मी, श्वास घे आत."

"घेतलाय. आणखी किती घेऊ?"

"चौतीस आणू?"

"मी कायम बत्तीस घालते गं."

मी चौतीस दिली. तिचं बटण कसंबसं लागलं. दारातून बाईंचा चेहरा दिसला, घामाघूम आणि लाजलेला. "फराळाला अजून सुरुवात पण नाही," त्या मला म्हणाल्या, जणू मी रागावणार होते. "खरंच नाही खाल्लं काही."

"तुझ्या चकल्या चाखून चाखून झालंय हे," मुलगी म्हणाली.

"चाखावं लागतं, मीठ कळत नाही त्याशिवाय."

मी म्हणाले, "ताई, नवीन जीन्स थोडी घट्टच असते. दोन दिवसांत अंगाची ओळख करून घेते."

मास्तरांचं वाक्य. ते मी त्या दिवशी कितीदा वापरलं माहीत नाही. काहींनी त्यावर विश्वास ठेवून घेतली. काहींनी एक साइज वरची घेतली आणि पिशवीचं तोंड मिटून घेतलं, आकडा कुणाला दिसू नये म्हणून. जिला नेहमी छत्तीस लागायची तिच्यासाठी दुकानात काहीच नव्हतं. ती घडी घालून परत देताना माझी माफी मागून गेली. एकही बाई म्हणाली नाही की जीन्स चुकली आहे. प्रत्येकीने स्वतःलाच बोल लावला. कुणी बाळंतपणाला, कुणी थायरॉइडला, कुणी ऑफिसातल्या बसण्याला. आणि मी उभी होते, सगळं जाणणारी एकटी, हातात घड्या घालत.

दिवाळीनंतर माल परत यायला लागला. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मॅडमनी सहा जीन्स टेबलावर टाकल्या आणि स्वतः टेप लावला. प्रत्येक साइज सव्वा इंच कमी.

"मास्तर, ये क्या है?"

मास्तरांनी एकेक उलटून पाहिली. आतल्या शिवणीला माया, म्हणजे आत राखलेला जादा कपडा, किती ठेवली आहे ते बघितलं. मागून बारीक दिसावं म्हणून मॅडम आम्हाला जास्त कपडा आत सोडू देत नसत, दुहेरी शिलाईच्या बाजूला जेमतेम काडीएवढी. उसवून मोठं करायला काही नव्हतं. मग त्यांनी रजिस्टर मागितलं. मी ते आणून दिलं.

ते अष्टमीच्या पानावर थांबले. मग एक पान मागे, परत पुढे. तीन ओळी, सारखेच आकडे. त्यांनी मला रजिस्टर लिहायला शिकवलं होतं. जिवंत माणसाचं माप इतकं सारखं नसतं, पाव इंच कधी इकडे कधी तिकडे असतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. पावसाळ्यातल्या पानांवर तसा पाव इंच होताही.

"मुलीचं माप बरोबर आहे ना?" मॅडमनी विचारलं.

मावशी परत आल्या होत्या. त्यांनी मला टेप लावला. "अठ्ठावीस. हाय तेवढंच हाय."

"मग गलती किसकी?"

गाळ्यात मशिनं थांबली होती. मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण त्यातून आवाज यायच्या आधी मास्तर बोलले.

"माझी. नजर कमी झालीय मॅडम. रेघ चुकली. टाचणीचा सव्वा इंच मी दोनदा काढला."

मॅडमनी त्यांना महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत. त्यांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली, चष्म्याचं घर घेतलं, भिंतीवरच्या गणपतीला हात जोडले आणि निघाले. मी जिन्यात त्यांना गाठलं.

"मास्तर, माझा उपास होता. नऊ दिवस. मी माप घेतलंच नव्हतं."

"कळलं मला."

"मी आत्ता वर जाऊन सांगते."

ते एक पायरी खाली उतरले, तिथे थांबले. "मी विचारलं होतं तुला, जेवलीस का. दोनदा विचारायला हवं होतं. मास्तराने दोनदा विचारायचं असतं." मग त्यांनी मला नीट पाहिलं, पहिल्या दिवशी चुण्या बघितल्या होत्या तसं. "कशासाठी धरला होता?"

"इथे कायम व्हायला."

"मग आईला कळव. तुझी देवी पावली."

ते हे रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मी वर जाऊन सांगितलं असतं असं मला नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं. पण तेही मी स्वतःला सोयीचं करून घेतलं असेल. त्या दिवशी मी वर गेले आणि चलनं लिहायला बसले. त्यांनीच माझ्यासाठी अंगावर घेतलंय, आता बोलले तर त्यांचा अपमान होईल, असं मी मनाशी म्हणाले. भित्रेपणाला कृतज्ञता म्हणायला वेळ लागत नाही. एक दुपार पुरली.

फॅशनचा कोर्स केलेली मुलगी आलीच नाही. मास्तर नसल्यावर तक्ता तोंडपाठ असलेली मी एकटीच उरले, म्हणून मॅडमनी मला कायम केलं. पॅटर्न आता कॉम्प्युटरवर काढायचे, तो कॉम्प्युटर मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले. आई गावाहून आली, खण-नारळ घेऊन. आम्ही दोघी देवळात गेलो. तिने ओटी भरली, डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "माझी लेक ऑफिसात खुर्चीवर बसते. आमच्या सात पिढ्यांत कोण बसलं?" तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिला काही सांगितलं नाही. ती अजून सगळ्यांना सांगते, नवरात्र कडक धरावं.

चार महिन्यांनी मी मॅडमना सांगितलं. एवढा काळ का लागला याला माझ्याकडे चांगलं कारण नाही. एका दुपारी त्यांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं, केळ्यासकट. नोकरी जाईल अशी तयारी करून गेले होते. खरं म्हणजे जावी अशी इच्छा होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मोबाइल उलटा ठेवला.

"अब बोलके क्या फायदा? माल निकल गया सेल में." मग मराठीत, समजावल्यासारखं, "हे बघ, मास्तर तसेही जुने झाले होते. कॉम्प्युटर त्यांना जमला नसता. तू मनाला लावून घेऊ नको."

"त्यांना परत बोलवा, मॅडम."

"किस काम के लिए?"

त्यांच्या कामावर मी बसले होते.

निदान त्यांना सांगावं की मी सांगितलं, म्हणून त्याच रविवारी सकाळी मी शोधत गेले. मावशींना ठाऊक होतं. जेसल पार्कच्या एका गल्लीत, साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या पायरीवर त्यांनी मशीन मांडलं होतं. ते जीन्स खालून आखूड करत होते. पाय चालत होते, डोळे सुईच्या अगदी जवळ होते. नजर खरंच कमी झाली होती. त्या दिवशी टेबलाशी ती कमी नव्हती, पण आता कोण मानेल.

"ये," ते म्हणाले. "काय, आखूड करायचीय?"

"नाही मास्तर. मी मॅडमना सांगितलं."

"काय?"

"उपासाचं. रजिस्टरचं. सगळं."

मशीन थांबलं. "मग?"

"त्या म्हणाल्या, आता काय फायदा."

त्यांनी मान डोलावली, बरोबरच आहे अशी. दोरा तोडला, दुसरा पाय घेतला. "चहा घेशील?"

मी घेते म्हणाले. गल्लीतून चहा आला, तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आल्या. तिशीच्या असतील, घाईत होत्या. पिशवीतून त्यांनी जीन्स काढली आणि मला लेबल दिसायच्या आधी शिवणीवरून कळलं. आमची. उंच कमरेची, सरळ पायाची.

"मास्तर, ही कमरेत थोडी सोडून मिळेल का? सेलमध्ये घेतली. एवढी चांगली जीन्स पहिल्यांदाच घेतली मी, आणि एकदाही घातली नाही. बटणच लागत नाही."

मास्तरांनी जीन्स उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीवर अंगठा फिरवला, जिथे त्यांनी पेन्सिलीची रेघ ओढली होती. "माया नाही ठेवलेली आत. सोडायला काही नाही, ताई."

"असं." बाईंनी जीन्स परत घेतली आणि स्वतःच्या पोटावर धरली. "साइज तर माझीच आहे. कमी करते मी, जेवण कमी केलंय तसं. दोन महिने झाले रात्रीचं सोडलंय. येईल ना अंगात?"

मी तिथेच होते. दोन हातांच्या अंतरावर, चहाचा ग्लास धरून. मला फक्त म्हणायचं होतं की ताई, तुमचं काही वाढलेलं नाही, ते माप माझ्या उपाशी पोटाचं आहे. एवढं बोलायला पदवी लागत नाही.

मास्तर क्षणभर माझ्याकडे बघत होते. मला वाटतं ते थांबले होते. मी ग्लासाकडे बघितलं, अष्टमीला टाचणीकडे बघितलं होतं तसं.

"जेवण सोडू नका, ताई," ते बाईंना म्हणाले. "तुमची कंबर बरोबर आहे. जीन्स चुकलीय."

"अहो, एवढी महागाची कशी चुकेल?"

"चुकलीय. मीच कापलीय ती."

बाईंना वाटलं ते चेष्टा करतायत. त्या हसल्या, जीन्स पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "बघते आणखी महिनाभर." आणि गेल्या. मास्तरांनी ग्लास उचलला, माझ्या ग्लासात बघितलं. तो भरलेलाच होता. त्यांनी आपला चहा एकट्याने संपवला आणि पाय परत मशीनवर ठेवले.